आवाहन आहे, विसर्जन नाही

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे एक जुना कुकर खाली आला. शिट्टी हरवलेली, बूड काळे पडलेले, आणि ‘कधीतरी दुरुस्त करू’ या आशेवर बारा वर्षे जपून ठेवलेला. दारावरून भंगारवाला चालला होता, त्याला हाक मारली. त्याने रद्दी तोलली. पितळी नळ निराळा तोलला. फुटकी बादली पायाखाली दाबून पाहिली आणि तीही पोत्यात टाकली. कुकर हाती आल्यावर मात्र त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, दोन्ही काळ्या मुठी सोडविल्या आणि माझ्या हातात ठेवीत म्हणाला, “काका, ह्या ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. ह्याचं काय होत न्हाय.”

मी म्हटले, “बादली घेतलीस ना? मग ह्यांनी काय घोडे मारले? दोन्ही प्लास्टिकच.”

“बादली वितळती, काका. ही नुसती जळती.”

ज्या द्रव्यावर शास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहिले त्याची इतकी नेटकी व्याख्या मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नव्हती. आणि या देशात कोणत्या वस्तूला दुसरा जन्म आहे आणि कोणत्या वस्तूला नाही, याचा निवाडा शेवटी पंडितांच्या सभेत होत नाही, तो या पोतेवाल्याच्या तराजूत होतो. तुटकी छत्री, गंजके पत्रे, दाढीची पाती, फाटके पुठ्ठे, साऱ्यांत ज्याला चार पैसे दिसतात, त्याने जी वस्तू फुकटसुद्धा घेतली नाही, तिच्याविषयी दिवाळीच्या तोंडावर चार कडू शब्द लिहिणार आहे. वाचकांनी ते कारल्याच्या कोशिंबिरीसारखे पानाच्या डाव्या बाजूला वाढून घ्यावेत.

आधी भंगारवाल्याचे विधान समजून घेऊ. बादलीचे प्लास्टिक मेणाच्या जातीचे. तापविले की मऊ, निवले की घट्ट, पुन्हा तापविले की पुन्हा मऊ. त्याचे रेणू म्हणजे सुट्या दोऱ्यांचा गुंता. उष्णता दिली की दोरे एकमेकांवरून घसरतात. मुठीचे प्लास्टिक पणतीच्या जातीचे. पणती आव्यात जाण्यापूर्वी माती असते, कुंभार तिला हवी तेव्हा मोडतो आणि पुन्हा चाकावर घालतो. एकदा ती भाजून निघाली की तिचा चिखल कधीच होत नाही. मुठीच्या द्रव्यातही साच्यात असताना दोऱ्यादोऱ्यांना आडव्या गाठी बसतात आणि सगळ्या वस्तूचे मिळून एकच जाळे होते. ते जाळेल तो जाळो, कुटेल तो कुटो, वितळवू कोणी शकत नाही. परिभाषेत पहिल्या जातीला ऊष्मामृदू म्हणतात, दुसरीला ऊष्मादृढ, कारखान्यात थर्मोसेट. पणतीची निदान पुन्हा माळरानात खापरी होऊन राहते. तिने मातीला काही अपाय केल्याचे ऐकिवात नाही.

या दुसऱ्या जातीचा मूळपुरुष म्हणजे बेकेलाइट. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९०७ साली ते सिद्ध केले. आपल्या आजोबांच्या घरातले काळे गोल बटण, रेडिओची पेटी, जुन्या टेलिफोनचे जड धूड ही सगळी त्याचीच लेकरे. ‘हजार उपयोगांचे द्रव्य’ अशी त्याची जाहिरात होत असे. आणि कंपनीने आपल्या मुद्रेत बेकेलाइटच्या आद्याक्षराखाली गणितातले अनंताचे चिन्ह घातले होते. अनंत उपयोग, असा त्यांचा अर्थ. शंभर वर्षांनी ते चिन्ह पाहताना दुसराच अर्थ मनात येतो, पण तो काही त्या बिचाऱ्या चित्रकाराचा दोष नव्हे.

बेकेलाइट मागे पडले आणि त्याच घराण्यात एक पराक्रमी पुरुष निघाला, त्याचे नाव इपॉक्सी. १९३० नंतरच्या दशकात पिएर कास्तां हा स्विस रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम दातांसाठी चांगले द्रव्य शोधीत होता. दंतवैद्यांच्या उपयोगी पडण्यापूर्वीच ते इतरांच्या उपयोगी पडले. बाझेलच्या सिबा कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ साली ‘अरल्डाइट’ या नावाने ते बाजारात आणले. दोन नळ्या, एकीत राळ, दुसरीत तिला आळविणारे औषध. दोन्ही समसमान घेऊन काडीने घोटावयाचे, चिनी मातीच्या कपाचा कान चिकटवावयाचा आणि रात्रभर कोणी हात लावू नका म्हणून बजावून ठेवावयाचे, हा विधी ज्या मराठी घरात झाला नाही असे घर विरळा. सकाळी कान बसलेला असे. तो पुन्हा निघाला तर कप दुसरीकडे फुटे, सांध्यावर फुटत नसे.

या गुणाची निंदा करणारा मी नव्हे. जे द्रव्य पाणी पीत नाही, गंजत नाही, वीज वाहू देत नाही, काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंना घट्ट धरून ठेवते, ते माणसाने वापरले नसते तरच नवल. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पोटातली हिरवी पाटी म्हणजे इपॉक्सीत बसविलेले काचेचे कापड. बोइंगचे ७८७ विमान वजनाने निम्मे तंतुमिश्रित द्रव्याचे आहे, आणि त्यातला मोठा भाग कार्बनतंतू व इपॉक्सी. पवनचक्कीची पाती त्याचीच. पुलांच्या भेगा त्यानेच बुजवितात. तेव्हा ‘प्लास्टिक तेवढे वाईट, चला मातीच्या मडक्याकडे’ असे जे प्रवचन दर वर्षी कोणीतरी करतो, त्याच्याशी माझे भांडण आहेच. मातीच्या मडक्याची पवनचक्की होत नाही.

माझे मुख्य भांडण निराळे आहे, आणि ते एका लग्नाच्या हारावरून सुरू झाले.

परवा एका परिचितांच्या घरी फराळाला गेलो. दिवाणखान्यात एक पारदर्शक चौकोनी ठोकळा मांडला होता आणि त्यात त्यांच्या मुलीच्या लग्नातला हार, गुलाब, निशिगंध, अक्षतांच्या चार दाण्यांसह, अत्तरदाणीसारखा उभा होता. “वरमाला जतन केली,” बाई अभिमानाने म्हणाल्या. हल्ली हा मोठा धंदा आहे. फुले वाळवून त्यांवर इपॉक्सी ओततात. त्याच द्रव्याच्या समया, ताटे, रांगोळीचे तयार तुकडे, लक्ष्मीची पावले, सगळे दिवाळीच्या बाजारात मिळते, आणि शिकवण्याही चालतात. हार सुंदर दिसत होता हे खरे. पण आमच्याकडे फुलाला दुसऱ्या दिवशी एक नाव मिळते, निर्माल्य. आणि निर्माल्य झाले की त्याची जागा झाडाच्या मुळाशी. या फुलांना ते भाग्य नाही. गंमत अशी की इपॉक्सी स्वतः उन्हाने पिवळे पडते. काही वर्षांनी हार दिसेनासा होईल, ठोकळा राहील. मग त्याचे काय करणार, असे मी विचारले. सणासुदीला हा प्रश्न विचारणारा माणूस पुन्हा फराळाला बोलाविला जात नाही, याची कल्पना मला होती.

पूजा सांगणारा कोणताही भिक्षुक सांगेल की आवाहन केले की विसर्जन करावे लागते. गणपती आणला त्यानेच तो पोचवावयाचा. मूर्ती बसवून घरमालक गावाला निघून गेला आणि उत्तरपूजेची जबाबदारी शेजाऱ्यावर, नाहीतर नगरपालिकेच्या झाडूवाल्यावर पडली, तर त्याला आपण भक्त म्हणत नाही. ऊष्मादृढ द्रव्यांचा सगळा उद्योग मात्र शंभर वर्षे याच रीतीने चालला आहे. आवाहन कारखानदाराचे, नैवेद्य कारखानदाराला, विसर्जन ज्याच्या दारात पडेल त्याचे.

यावर ताबडतोब उत्तर येते, “होतो की पुनर्वापर!” या तीन शब्दांइतका स्वस्त गोंद अजून कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेला नाही. वस्तूच्या पाठीवर एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण असतो आणि आत आकडा. लोक समजतात, बाण आहेत म्हणजे वस्तू फिरून येणार. वास्तविक तो आकडा केवळ जात सांगतो, आणि ७ हा आकडा म्हणजे ‘इतर’. ‘इतर’ म्हणजे कोण, कुठले, कोण घेणार, काही नाही. १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने हे आकडे काढले; २०१३ मध्ये तिकडच्या मानक ठरविणाऱ्या संस्थेने बाण काढून साधा त्रिकोण ठेवण्याचा निर्णय केला, कारण बाणांनी लोक फसत होते. आपल्याकडे बाण अजून पळताहेत.

प्रत्यक्षात चालते ते तीन प्रकारांनी. एक, कुटणे. भुगा करून तो दुसऱ्या मालात भर म्हणून घालावयाचा. पण भर घालावयाला खडूची पूड याहून कितीतरी स्वस्त मिळते, म्हणून या भुग्याला गिऱ्हाईक नाही. दुसरा प्रकार, हवा न लागू देता तापवून राळ उडवून लावणे आणि तंतू वाचविणे. तिसरा, सिमेंटची भट्टी. जर्मनीतल्या लेगरडॉर्फ येथे पवनचक्कीच्या पात्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालतात. राळ इंधन म्हणून जळते, काचेची वाळू सिमेंटात मिसळते. खड्ड्यात पुरण्यापेक्षा हे शतपटीने बरे. पण याला पुनर्वापर म्हणणाऱ्याने उद्या चुलीत घातलेल्या पाटाला सुद्धा पुनर्वापर म्हणावे.

दुसऱ्या प्रकाराकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथे उघडे पडते. उष्णतेने काचतंतूचे बळ निम्म्याच्या आसपास जाते. कार्बनतंतू बराच टिकतो. शिवाय कार्बनतंतू महाग आणि काचतंतू स्वस्त. परिणाम असा की इंग्लंडात विमानाच्या कारखान्यांतील कार्बनतंतूंचा टाकाऊ माल गोळा करून त्यातला तंतू परत मिळविणारे उद्योग उभे राहिले, आणि काचतंतूच्या पात्यांना कोणी विचारीना. राळ दोन्हीकडे त्याच घराण्यातली, गाठी त्याच. एकीकडे सुटका झाली, दुसरीकडे झाली नाही. म्हणजे ‘रसायनशास्त्रच असे आहे हो, त्याला आम्ही काय करणार’ हे जे हात वर करून सांगितले जाते, ते अर्धेच खरे. जेथे आत सोने आहे तेथे गाठ सोडविणारे सापडतात.

काच आत असली म्हणजे काय होते हे अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, कॅस्पर गावच्या कचरापट्टीत जगाने पाहिले. २०१९ आणि २०२० साली तेथे पवनचक्क्यांची शेकडो पाती प्रत्येकी तीन तुकडे करून ओळीने मांडली गेली आणि त्यांवर माती लोटली गेली. वरून घेतलेली ती छायाचित्रे पाहिली तर एखाद्या देवमाशाच्या कुळाची दफनभूमी वाटावी. जर्मनीने असा माल पुरण्यावर २००५ पासूनच बंदी घातली होती; म्हणूनच लेगरडॉर्फची भट्टी पेटली. कायद्याने खड्डा बंद केला तेव्हा उद्योगाला भट्टी सुचली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता हे आपल्या दाराशी कसे येते ते पाहा. साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा पाहावयाला जाणारा प्रत्येक जण पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जातो, मुलांना पवनचक्क्या दाखवतो, भाजलेली कणसे खातो. तिकडे पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावर त्यांचे रानच आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्या उभ्या राहू लागल्या. पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचे धरतात. तेव्हा हिशेब वाचकांनीच करावा. केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरात जुन्या चक्क्या उतरवून त्या जागी मोठ्या उभारण्याचे सुधारित धोरण जाहीर केले, तेही योग्यच आहे, कारण उत्तम वाऱ्याच्या जागा या जुन्या लहान चक्क्यांनी अडविल्या आहेत. भारताची पवनविजेची एकूण क्षमता २०२५ च्या मार्चअखेर ५० हजार मेगावॉटवर गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा पाच हजारांहून अधिक. चक्की उतरली की मनोरा भंगारात जातो, तांबे जाते, यंत्र जाते. वजनाने पंचाऐंशी-नव्वद टक्के मालाला गिऱ्हाईक आहे. माझ्या कुकरसारखेच. मुठी तेवढ्या राहतात. फक्त ही मूठ चाळीस मीटर लांब आणि सहा-सात टन वजनाची असू शकते.

ही पाती घेऊन जाणार कोठे? सिमेंटच्या भट्ट्या चंद्रपुराकडे आहेत, कर्नाटकात कलबुर्गीकडे आहेत. पठारावरून घाट उतरवून, तुकडे करून, शेकडो मैल नेऊन जाळण्याचा खर्च कोणी करावयाचा? करारात ते लिहिलेले नसेल तर जो शेवटी उरतो तो करील, किंवा करणार नाही. आणि शेवटी उरतो तो पठारावरचा शेतकरी.

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की कोळशाच्या केंद्रांतून जी राख निघते तिच्या मानाने ही पाती म्हणजे पासंगालाही पुरणार नाहीत. खरे आहे. चंद्रपूर-कोराडीच्या राखेपुढे साताऱ्याची सगळी पाती एका कोपऱ्यात मावतील. चक्की उभारावयाला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ती वर्षाच्या आतबाहेर परत देते, आणि पुढे वीस वर्षे निव्वळ कमाई. म्हणून पवनचक्की नको असे मी म्हणणार नाही, आणि माझा लेख दाखवून तसे कोणी म्हणू लागला तर त्याच्याशीही भांडेन. पण दरोडेखोर मोकळा फिरतो म्हणून भुरट्याच्या पिशवीकडे पाहू नये, असा न्याय नाही. शिवाय कोळशाने कधी सोवळे नेसल्याचा दावा केला नव्हता. ज्याने स्वच्छतेचे व्रत सांगून पठार मागितले, त्याला उद्यापनाचा खर्च विचारला तर त्याने रागावू नये.

दुसरा आक्षेप जास्त शहाण्यांचा आहे. ते म्हणतात, विज्ञानाने यावर तोड काढली आहे, आपण कशाला घाई करता? तोड निघाली आहे हे मी आनंदाने मान्य करतो, आणि ती हकीकत दिवाळीत सांगण्याजोगीच आहे. २०११ साली पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असे इपॉक्सी दाखविले की ज्यातल्या गाठी तापविल्यावर सुटत नाहीत, तर जागा बदलतात. एक सुटते त्याच क्षणी दुसरी बसते. फुगडी खेळणाऱ्या मुलींनी हात न सोडता जोड्या बदलाव्यात तसे. त्यामुळे जाळे अखंड राहूनही ते तापल्या काचेसारखे वळविता येते. विट्रिमर असे त्याचे नाव पडले. दुसरी युक्ती आळविणाऱ्या औषधात आहे. त्यात मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवावयाचा, जो एरवी वर्षानुवर्षे टिकतो पण गरम सौम्य आम्लात सुटतो. अशा राळेची पाती सीमेन्स गमेसा या कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केली आणि २०२२ साली जर्मनीच्या समुद्रात कास्कासी येथे ती चढविली. ते औषध आता आपल्या आदित्य बिर्ला समूहाच्या हाती आहे. भारतीय मालकीचे औषध, उत्तर समुद्रातले पाते! वनकुसवड्याला ते कधी येणार हे विचारण्याचा अधिकार मराठी माणसाला असावा.

तिसरी गोष्ट २०२३ ची. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या, मुद्दाम कच्चा दुवा न ठेवलेल्या इपॉक्सीच्या गाठी रुथेनियम धातूच्या साहाय्याने तोडून दाखविल्या. पात्याच्या खऱ्या तुकड्यातून काचतंतू निघाले आणि राळेचा मूळ घटक बिस्फेनॉल-ए सुद्धा. पण तुकडा लहान, वेळ काही दिवसांचा, आणि रुथेनियम हा दुर्मिळ आणि महाग धातू. प्रयोगशाळेतल्या काचपात्रातून पठारावरच्या सहा टनांपर्यंत यावयाचे तर बरीच वाट आहे.

आणि माझी तक्रार नेमकी येथे आहे. नवीन शोधाचा उपयोग जुन्या ऋणाची मुदत वाढवून घेण्यासाठी होतो आहे. ‘विरघळणारे पाते आले’ ही बातमी छापून आली की वाचकाला वाटते, सगळी पाती विरघळू लागली. आज उभे असलेले बहुतेक एकही पाते त्या राळेचे नाही. उद्या सूनबाई हिशेबी येणार आहे म्हणून आजच्या उधारीची वही वाण्याने फाडावी काय? खरे म्हणजे शोध लागल्यामुळे कारखानदाराची बाजू लंगडी झाली आहे. शोधापूर्वी त्याला म्हणता येत होते की टिकाऊपणा आणि सुटणे एकत्र नांदूच शकत नाहीत. आता ते एकत्र नांदताना दिसले. यापुढे जो जुन्या राळेचे पाते, पाटी किंवा डबी ओततो, तो न सुटणारी गाठ जाणूनबुजून मारतो.

पाटीचे नाव निघाले म्हणून मुरादाबादकडे वळतो. पितळेच्या भांड्यांचे हे उत्तर प्रदेशातील गाव गेली काही वर्षे आणखी एका धंद्यासाठी ओळखले जाते. देशभरच्या मोडक्या संगणकांच्या हिरव्या पाट्या तेथे येतात. तांबे आणि थोडे सोने काढण्यासाठी त्या उघड्यावर जाळतात आणि काळी राख रामगंगेच्या काठी पडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१७ मध्ये तिची दखल घेतली. या पाट्या पेट घेऊ नयेत म्हणून त्यांच्या इपॉक्सीत ब्रोमीन घातलेले असते. तीच जाळली की त्याचा धूर कसा असेल हे सांगावयाला नको. तो धूर ज्यांच्या छातीत जातो ती माणसे माझ्या भंगारवाल्याची भावंडे आहेत. आता कायदा पाहा. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात हे चांगले. पण पुनर्वापराच्या प्रमाणपत्राचा हिशेब बसविला आहे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांवर. जे भंगारवाला आपणहून घेतो तेवढेच सरकारनेही मोजले. राळेची मूठ सरकारनेही परत दिली.

प्लास्टिकच्या कायद्यातही तेच. २०१८ साली महाराष्ट्राने पिशव्यांवर बंदी घातली, भाजीवाल्यांकडून दंड वसूल झाला, घरोघरच्या बायकांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. पुढे कंपन्यांवर वेष्टनांची जबाबदारी आली. पण ती वेष्टनांची. आत जे द्रव्य पन्नास वर्षे टिकणार त्याची नाही. ऊष्मादृढ प्लास्टिकविषयी २०१६ च्या केंद्रीय नियमांत एक ओळ आहे, तिची विल्हेवाट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लावावी अशी. आणि त्या सूचना मुख्यतः सिमेंटच्या भट्टीकडे बोट दाखवितात. पिशवी दिसते, उडते, गाईच्या पोटात जाते, म्हणून तिच्यावर मोर्चा निघतो. पाते पठारावर निमूट पडून राहते. स्कूटरच्या इंजिनातली ठिणगीची काळी डबी तर कोणाला दिसतही नाही. तिच्यात सगळा मंडल इपॉक्सी ओतून बुजविलेला असतो, आतला चार आण्याचा भाग बिघडला तरी मेकॅनिक म्हणतो, “उघडता येत नाही, नवीच घाला.” दुरुस्तीवर जगणाऱ्या या देशात ‘उघडता येत नाही’ हे वाक्य किती सहज रुळले!

मग मी मागतो काय? अणुवीज केंद्रे पुढेमागे मोडावी लागतील म्हणून आपल्याकडे विजेच्या दर युनिटमागे २ पैसे आधीच बाजूला काढण्याची पद्धत आहे. पवनचक्कीला तीच रीत लावा. पाते फिरू लागले त्या दिवसापासून त्याच्या उतरण्याचे पैसे साठू द्या, आणि ते पैसे कंपनीच्या तिजोरीत न ठेवता तिच्या हाताबाहेर ठेवा, कारण वीस वर्षांत कंपनी विकली जाते, बुडते, नाव बदलते. पाते तेथेच असते. पात्याच्या बुडाशी त्याची राळ कोणती, औषध कोणते, हे कोरून ठेवा. म्हणजे उद्या गाठ सोडविणारा आला तर त्याला निदान कळेल की गाठ कोणती. नवीन उभारणीला परवानगी देताना सुटणाऱ्या राळेला झुकते माप द्या. आणि ‘पुनर्वापरक्षम’ हा शब्द त्याच वस्तूवर छापू द्या जिला घेणारे ठिकाण आज, या राज्यात, पत्त्यासह दाखविता येते. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून येत होते तेव्हा रिकामी बाटली दिल्याखेरीज भरलेली मिळत नसे. त्या व्यवस्थेला कोणी पर्यावरणाचे तत्त्वज्ञान म्हणत नव्हते. केंद्रावरची बाई बाटली मोजून घेत असे, एवढेच.

वीज महाग होईल असे कोणी म्हणेल. होईल, पैशा-दोन पैशांनी. आज ती तेवढ्याने स्वस्त दिसते याचे कारण तो पैसा चाळकेवाडीच्या कोणाच्या तरी बांधावर उधार मांडून ठेवला आहे.

रेझिनच्या समया घेणाऱ्या भगिनींना मी काही सांगत नाही. त्यांनी आधीच वर्षभर ओला कचरा निराळा, सुका निराळा करून स्वतःचे हात झिजविले आहेत, आणि चाळीस मीटरच्या पात्याचा हिशेब त्यांच्या पणतीत चुकता करावा, हे काही बरे नव्हे. फक्त विकणाऱ्याला एकदा विचारावे, “हे जुने झाले की तुम्ही परत घेता का?” मी विचारले होते. दुकानदार हसला आणि म्हणाला, “जुने होतच नाही, साहेब.”

मुठी अजून माझ्याकडे आहेत. भंगारवाला भाऊबीजेनंतर पुन्हा येतो म्हणाला आहे, पण त्या घ्यावयाला नाही.